पथ्याचा पदार्थ होताना

मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर या स्विस डॉक्टरने १९०४ मध्ये झुरिक शहरालगतच्या टेकडीवर एक आरोग्यधाम सुरू केलं. तिथला दिनक्रम कडक होता. पहाटे उठायचं, चालायचं, बागेत राबायचं, रात्री लवकर दिवे मालवायचे. मांस, दारू, तंबाखू बंद. जेवणाच्या सुरुवातीला एक वाटी ठरलेली असे: चमचाभर ओट्स, तेही तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवलेले, त्यात साल आणि गाभ्यासकट किसलेलं मोठं सफरचंद, लिंबाचा रस, चमचाभर कंडेन्स्ड मिल्क आणि वरून बदामाची किंवा हेझलनटची भरड. त्या वाटीत मान सफरचंदाला होता, ओट्स नावापुरते. जर्मन कादंबरीकार थॉमस मान १९०९ मध्ये तिथे राहून गेला आणि पत्रात त्याने त्या जागेला तुरुंगाच्या पंक्तीला बसवलं.

ती शिस्त आज कुणी पाळत नाही. ती वाटी मात्र ‘म्यूसली’ या नावाने जगभर गेली आणि जाता जाता बदलत गेली. ओट्स वाढले, सफरचंद घटलं, कंडेन्स्ड मिल्कच्या जागी कुणी दही घातलं, कुणी साधं दूध. रात्री बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी थंडच खायचे ‘ओव्हरनाइट ओट्स’ ही तिचीच पुढची पिढी. त्यांत आता मेक्सिकोचं चिया बी पडलं आहे, जे डॉक्टरसाहेबांच्या मूळ कृतीत नव्हतंच. डॉक्टरने लिहून दिलेलं प्रमाण मोडत मोडतच ही वाटी शंभर वर्षांहून अधिक टिकली.

पौष्टिक खाण्याबद्दल बोलताना आपण नेमकं हेच विसरतो. कुठलाही पदार्थ ‘आरोग्याला चांगला’ ठरला की त्याच्याबरोबर त्याची एकच अधिकृत कृती येते आणि ती जमली नाही की पदार्थच सुटतो. खरं तर अशा प्रत्येक पदार्थात काम करणाऱ्या एक-दोनच गोष्टी असतात. त्या कुठल्या हे कळलं की तेवढ्या जपायच्या. बाकी गोड की तिखट, गरम की गार, चमच्याने की भाकरीबरोबर, हा सगळा मामला आपल्या जिभेचा.

ओट्स: चिकटपणा हाच गुण

महाराष्ट्रात ओट हे मुख्यतः जनावरांचं पीक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले हरिता’सारखे त्याचे वाण काढले ते हिरव्या चाऱ्यासाठी. माणसांच्या ताटात ओट्स आले ते डब्यातून आणि पाकिटातून, हृदयाचं चित्र लेवून.

त्या चित्रामागे आधार आहे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू असतो. शिजलेल्या ओट्सना जो चिकट, दाटसर पोत येतो तो याच्यामुळे. आतड्यातही तो अन्नाला दाट करतो. साखर रक्तात सावकाश उतरते आणि पित्ताम्लं त्या दाट मिश्रणात अडकून शरीराबाहेर पडतात. यकृताला मग नवी पित्ताम्लं बनवावी लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयरोगाचा धोका कमी होण्याबद्दल लिहायला परवानगी दिली, ती दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जाण्याच्या हिशेबाने. तेवढ्यासाठी साधारण पाऊणशे ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. सकाळच्या एका वाटीत जेमतेम चाळीस ग्रॅम मावतात. म्हणजे एक वाटी ओट्स खाऊन कोलेस्टेरॉलचा प्रश्न मिटत नाही. मदत होते, आणि ती रोज खाल्ले तरच.

जपायचं ते एवढंच: ओट्स पुरेसे हवेत आणि फार दळलेले नकोत. अख्खे दाणे कापून केलेले ‘स्टील-कट’ शिजायला वेळ घेतात, पण पोटातही सावकाश पचतात. वाफवून, लाटून केलेले जाड पोहे मधल्या पायरीवर. अगदी पातळ लाटलेले ‘इन्स्टंट’ ओट्स झटपट शिजतात आणि झटपटच रक्तातली साखर वाढवतात. त्यांच्या चवदार पाकिटांत साखर किंवा मीठही बरंच असतं, तेव्हा पाकीट उलटून मागची बाजू वाचावी.

दुधातच शिजवायचे, फळंच घालायची, मधच घालायचा, असा काही नियम बीटा-ग्लुकन सांगत नाही. फोडणीतही ते तितकंच काम करतं. भारतात ओट्स घराघरांत पोचायला त्यांचा मसाल्याशी झालेला संसारच कामी आला. ‘मसाला ओट्स’ बाजारात आले तेव्हा गोड लापशीला नाक मुरडणाऱ्यांना त्यात उपम्याचा भाऊ दिसला.

चिया: आधी पाणी, मग बी

चिया हे तुळशीच्या कुळातलं झाड, मूळ मेक्सिको आणि ग्वाटेमालाचं. स्पॅनिश आक्रमणापूर्वी अ‍ॅझ्टेक राज्यात मका आणि घेवड्यांसोबत चिया हेही महत्त्वाचं धान्य होतं. मांडलिक प्रांतांकडून ते खंडणीत घेतलं जाई आणि सोळाव्या शतकातल्या ‘कोडेक्स मेंडोसा’ या सचित्र हस्तलिखितात त्याची नोंद आहे. तिथे ते भाजून दळत, पिठात मिसळत, पाण्यात भिजवून पीत. लिंबू आणि साखर घातलेलं चियाचं पाणी मेक्सिकोत आजही उन्हाळ्यात प्यायलं जातं.

मधल्या काळात हे बी जवळपास विस्मरणात गेलं. अमेरिकेत १९८०च्या दशकात ते पुन्हा घरोघरी पोचलं, पण खाण्यासाठी नव्हे. मातीच्या प्राण्यांच्या अंगावर भिजलेलं चिया थापायचं, म्हणजे काही दिवसांत हिरवी लव उगवते, असं ते खेळणं होतं. बी मातीला घट्ट चिकटून राहतं त्याचं कारण आणि आज आपण ते वाटीत घालतो त्याचं कारण एकच आहे. चियाच्या सालीत असा तंतू असतो की पाणी लागताच तो फुगतो आणि प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक लगद्याचं कवच तयार होतं. बी आपल्या वजनाच्या जवळपास दहापट पाणी धरतं.

युरोपीय संघाने २००९ मध्ये चियाला पावात वापरायची परवानगी दिली, तीही जास्तीत जास्त पाच टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कर्नाटकातल्या शेतकऱ्यांना चियाची लागवड करून दाखवली. पुढे मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडेही हे पीक गेलं. आज दुकानात मिळणारं चिया मेक्सिकोचंच असेल असं नाही.

चियात जपायच्या गोष्टी दोन. पहिली, भिजवण. कोरडं चिया तोंडात टाकून वर पाणी पिऊ नये. अमेरिकेत २०१४ मध्ये एका वैद्यकीय परिषदेत अशा रुग्णाची माहिती मांडली गेली: चमचाभर कोरडं चिया गिळून वर पाणी प्यायल्यावर ते अन्ननलिकेतच फुगलं आणि तिथेच अडकून बसलं. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं. दुसरी गोष्ट दळण्याची. चियातला ओमेगा-३ स्निग्धांश शरीराला जास्त मिळावा असं वाटत असेल तर बी भरडलेलं बरं. अख्खं बी न चावता गिळलं तर त्यातला बराच भाग तसाच निघून जातो. पाणी धरण्याचं काम मात्र अख्खं बीसुद्धा चोख करतं.

शंभर ग्रॅमचा चकवा

चियाच्या जाहिरातीत एक आकडा हमखास असतो: शंभर ग्रॅममध्ये सहाशेहून अधिक मिलीग्रॅम कॅल्शियम, म्हणजे दुधाच्या पाचपट. आकडा खरा आहे. पण शंभर ग्रॅम चिया कोण खातं? पोह्याचा एक भरलेला चमचा म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. त्यातून साठ-पासष्ट मिलीग्रॅम कॅल्शियम मिळेल. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे कागदावर ती चियाच्या निम्म्यावर. पण नाचणी आपण चमच्याने खात नाही. एका भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ धरलं तरी पावणेदोनशे मिलीग्रॅम झालं. कोष्टकात हरलेली नाचणी ताटात चियाच्या पुढे जाते.

हा हिशेब चियाला कमी लेखण्यासाठी नाही. त्याचं खरं बळ दुसरीकडे आहे. त्याच दहा ग्रॅममध्ये साडेतीन ग्रॅमच्या आसपास तंतू आणि पावणेदोन ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-३, असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांना दिवसाला किमान पंचवीस ग्रॅम तंतू खायला सांगितले. चाळीस ग्रॅम ओट्स आणि चमचाभर चिया मिळून त्यातले सात-आठ ग्रॅम न्याहारीतच होतात. एका वाटीसाठी ही कमाई चांगली आहे.

ओमेगा-३ची गोष्ट मात्र चियापाशी संपत नाही. जवसात त्याचं प्रमाण चियापेक्षाही थोडं जास्त असतं. पूर्व विदर्भात भाताचं पीक उभं असतानाच त्या ओलीवर जवस फेकून पेरण्याची पद्धत जुनी आहे. जवस भाजायचं, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं आणि कच्च्या तेलाबरोबर भाकरीशी खायचं. या चटणीत शास्त्राची अट आपोआप पूर्ण होते: जवसाचं कवच कठीण असतं, ते फोडल्याशिवाय आतलं तेल शरीराला लागत नाही, आणि चटणी कुटल्याशिवाय होतच नाही. फक्त कुटलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून थोडंथोडं करावं. वनस्पतीतलं हे ओमेगा-३ आणि माशांतलं ओमेगा-३ एक नव्हे, हेही सांगायला हवं. पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर शरीर फार थोड्या प्रमाणात करतं. बांगडा खाणाऱ्याला ते आयतंच मिळतं.

भिजून फुगणारी बीजं तर आपल्या घरात आधीपासून आहेत. फालुद्यातला सबजा चियाच्याच कुळातला. चिया करडं, ठिपक्याठिपक्यांचं असतं, सबजा काळाभोर आणि पाण्यात काही मिनिटांतच फुलणारा. बाळंतिणीच्या लाडवांतले हळीव मोहरीच्या कुळातले. नारळाच्या पाण्यात भिजवले की तेही असेच लगदा धरतात. गरोदरपणात हळीव टाळायचे आणि बाळंतपणानंतर द्यायचे, ही जुनी रीत पाळलेली बरी. तिघांची पोषणमूल्यं वेगवेगळी आहेत, एकाच्या जागी दुसरं घातलं म्हणजे हिशेब तोच राहिला असं नाही. पण ज्याला हळिवाची खीर आवडते त्याला चियाचा पोत अनोळखी वाटायचं कारण नाही.

‘हेल्दी’ म्हटलं की चव उतरते

पौष्टिक पदार्थ सुटतात ते बहुधा माहिती कमी पडते म्हणून नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तिथल्या एका उपाहारगृहात साधा प्रयोग केला. रोज एक भाजी ठेवायची, कृती तीच, वाढण्याची पद्धत तीच. पाटीवरचं नाव मात्र पाळीपाळीने बदलायचं. कधी नुसतं ‘बीट’, कधी साखर न घातल्याचा उल्लेख, कधी त्यातल्या आरोग्यदायी घटकांचं कौतुक, तर कधी मिरची-लिंबाच्या झणझणीतपणाचं वर्णन. चटकदार नावाच्या दिवशी ती भाजी घेणारे लोक साध्या नावाच्या दिवसापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होते. आणि ‘यात अमुक नाही’ अशा पथ्याच्या नावापेक्षा तर ४१ टक्क्यांनी. आरोग्याचं नाव घेतलं की माणूस चवीची आशा सोडून देतो, असा त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट सवयीची. अमेरिकी संशोधक लीअन बर्च यांनी १९८०च्या दशकात दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थ वेगवेगळ्या वेळा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा जिभेवर आला तो मुलांना जास्त आवडू लागला. मोठ्यांनाही यातून सूट नाही. चियाची पहिली वाटी नकोशी झाली म्हणजे चिया आपल्यासाठी नाही असं ठरत नाही. थोडं प्रमाण, वेगळी चव आणि पुन्हा काही वेळा, एवढी संधी त्याला द्यायला हवी.

तिसरी गोष्ट टिकण्याची. बॉस्टनमध्ये १६० जणांना चार वेगवेगळ्या प्रसिद्ध आहारपद्धतींमध्ये वाटून वर्षभर पाहिलं गेलं. निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. वजन किती उतरलं हे कुठली पद्धत मिळाली यापेक्षा ती किती काटेकोरपणे पाळली यावर जास्त अवलंबून होतं. आणि बऱ्याच जणांनी ती वर्ष संपायच्या आत सोडली होती. जो आहार आपण खात राहत नाही त्याचे गुण कागदावरच राहतात.

आता आपली वाटी

मूळ प्रमाण आधी. अर्धी वाटी जाड ओट्सना साधारण एक ते सव्वा वाटी पाणी किंवा दूध. पोह्याचा चमचाभर चिया घालणार असाल तर आणखी अर्धी वाटी द्रव वाढवा, कारण चिया आपला वाटा पिऊन टाकतं. बहुतेकांची पहिली वाटी लुकणासारखी घट्ट होते ती इथेच. चिया वेगळ्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवून शेवटी मिसळलं तर दाटपणा आपल्या हातात राहतो.

तिखटाची ओढ असेल तर ताकातली उकड डोळ्यांसमोर ठेवावी. तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. त्यावर पाणी, उकळी आली की ओट्स आणि मीठ. शिजल्यावर गॅस बंद करून, जरा निवल्यावर घुसळलेलं ताक आणि भिजलेलं चिया. वर कोथिंबीर आणि दाण्याचा कूट. ताकाच्या आंबटपणात लगद्याचा बुळबुळीतपणा तोंडाला जाणवत नाही. भेंडीला आमसूल किंवा ताक लावतो त्यामागे हीच युक्ती.

मऊ भात आवडणाऱ्यांनी ओट्स नुसत्या मीठपाण्यात चांगले मऊ शिजवावेत, वर तूप सोडावं आणि मेतकूट पसरावं. सोबत लिंबाचं लोणचं. मेतकुटात भाजलेल्या डाळी असतात, त्यामुळे ओट्सना प्रथिनांची जोडही मिळते. आजारातून उठलेल्या माणसालाही ही वाटी परकी वाटत नाही.

गोडच हवं तर शिकरणाची वाट सोपी. रात्री दुधात ओट्स आणि चिया भिजवून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी केळ्याच्या चकत्या आणि वेलची. केळं पिकलेलं असेल तर साखर लागत नाही. गूळ घालायचा तर दूध गरम असताना नको, फाटतं. आंब्याच्या दिवसांत केळ्याची जागा हापूसच्या फोडींनी घ्यावी आणि त्या दिवसांपुरतं आरोग्याचं बोलणं बंद ठेवावं.

ज्यांना तो लगदाच नको त्यांनी चिया भरडून थालिपिठाच्या भाजणीत घालावं. चार थालिपिठांना दोन चमचे भरड पुरते; भिजवताना पाणी थोडं वाढवायचं आणि पीठ दहा मिनिटं झाकून ठेवायचं. तीळ, कारळं आणि जवसाच्या चटणीतही चिया खपून जातं, फक्त त्यातलं चिया कोरडं पोटात जाऊ नये म्हणून ती चटणी दह्यात कालवून खावी. कोकम सरबत आणि पन्ह्यात मात्र अख्खं भिजलेलं बीच छान दिसतं.

आणि ज्यांना ओट्सच नकोत? त्यांच्यासाठी जव आहे. बार्ली या नावाने मिळणाऱ्या या धान्यात बीटा-ग्लुकन ओट्सइतकंच किंवा जास्त असतं, आणि अमेरिकी प्रशासनाने ओट्सनंतर काही वर्षांनी तीच मान्यता जवालाही दिली. रात्री भिजवून कुकरमध्ये शिजवलेली बार्ली मुगाच्या डाळीबरोबर खिचडीत चालते, टोमॅटोच्या सारात चालते, दहीभातासारखी दह्यात कालवून फोडणी दिली तरी चालते.

थोडं सांभाळून

तंतू एकदम वाढवले की पोट फुगतं. आठवडाभर अर्धा चमचा, मग एक, असं चढत जावं आणि पाणी भरपूर प्यावं. चियात उष्मांक कमी नसतात. चमच्यामागे पन्नासच्या आसपास धरावेत, त्यामुळे वजनासाठी खाणाऱ्याने चमचे मोजावेत. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, आतड्यांचा जुना त्रास असेल, तर रोजचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावं. गव्हातलं ग्लुटेन ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी साधे ओट्स बिनधास्त घेऊ नयेत, कारण शेतात आणि गिरणीत त्यांत गहू मिसळतो; ग्लुटेनमुक्त असं स्पष्ट छापलेलं पाकीटच घ्यावं, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

खर्चाचाही विचार करावा. चिया महाग वाटत असेल आणि घरात जवसाची चटणी, नाचणीची भाकरी, मोडाची उसळ नियमित होत असेल, तर चियावाचून काही अडत नाही. आणायचंच तर पहिल्यांदा लहान पुडी आणावी आणि वरच्या तीन-चार तऱ्हांनी करून पाहावं. महिन्याने त्या पुडीकडे बघावं. ती कुणी न सांगता संपली असेल तर दुसरी आणावी. अर्धी उरली असेल तर ती भाजणीत दळून टाकावी आणि पुढच्या वेळी तेच पैसे जवसावर घालावेत.